पीसीओडी असताना लायपोसक्शन: नळीने काय निघतं आणि काय तसंच राहतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, उंची ५ फूट २ इंच, वजन ७४ किलो. १९व्या वर्षापासून पीसीओडी (बीजकोशांचा, हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार), ३ वर्षांपासून थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी, शिवाय पाळी नियमित करायच्या गोळ्या. जिम लावलं, रात्रीचा भात सोडला, वजन ४ किलो उतरलं आणि वर्षभरात ६ किलो चढलं. ४ महिन्यांवर लग्न आहे. एका क्लिनिकमध्ये सांगितलं की लायपोसक्शनने, म्हणजे त्वचेखालून नळीने ओढून, एकाच बैठकीत ७ लिटर चरबी काढू, वजन ७ किलोनी उतरेल आणि चरबी गेली की पीसीओडीही आटोक्यात येईल. ताई विचारतात: करू का, चरबी परत येते का, आणि पीसीओडीचं ते खरं आहे का?

मी प्लास्टिक सर्जन आहे, २२ वर्षं लायपोसक्शन करते आहे. त्यामुळे या ऑपरेशनबद्दल माझ्या मनात अढी नाही. योग्य माणसाला योग्य वेळी केलं तर ते फार समाधान देतं. पण ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी आणि स्पष्ट देते: नाही. लायपोसक्शनने पीसीओडी सुधारत नाही. पाळी नियमित होत नाही, इन्सुलिन कमी होत नाही, हनुवटीवरचे केस थांबत नाहीत, गर्भ राहणं सोपं होत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर तिथे पुन्हा जाऊ नका.

उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं परिस्थितीवर अवलंबून आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते ७ लिटर बघू. लायपो करताना आम्ही त्वचेखाली भरपूर मीठपाणी सोडतो. त्यात सुन्न करणारं लिग्नोकेन असतं आणि रक्तस्राव कमी करणारं ॲड्रिनलिन असतं. चरबी भिजली की बारीक नळीने ती ओढून घेतो. सगळं जाऊन पडतं एका मोठ्या पारदर्शक बाटलीत. ऑपरेशन संपताना बाटलीवर ५ लिटरची खूण गाठलेली दिसते आणि नातेवाइकांना वाटतं, ५ किलो गेले. ती बाटली तासभर तशीच ठेवली की थर बसतो: वर पिवळीधमक चरबी, खाली लालसर पाणी. पाच लिटरमध्ये चरबी बहुतेकदा तीन-साडेतीन लिटर निघते आणि चरबी पाण्यापेक्षा हलकी, म्हणजे वजनात साधारण तीन किलो. त्यात ऑपरेशननंतर अंगावर सूज असते. पहिल्या आठवड्यात काट्यावर वजन उलट वाढलेलं दिसतं आणि बायका रडवेल्या होऊन फोन करतात. ५ लिटरच्या वर काढणं म्हणजे मोठं ऑपरेशन. ते रात्रभर देखरेख होईल अशा हॉस्पिटलातच व्हायला हवं. 'सकाळी या, संध्याकाळी घरी जा' या हिशेबात ७ लिटर बसत नाहीत.

आता तुमचं पोट. ते मी बघितलेलं नाही, त्यामुळे निम्मं उत्तर तुमच्याच हातात आहे. आज रात्री पलंगावर उताण्या झोपा, गुडघे दुमडा, पोट सैल सोडा. बेंबीच्या बाजूची जाडी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरा. तशीच धरून डोकं थोडं उचला म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतील. चिमटीत जे उरतं ते स्नायूंच्या वरचं, त्वचेखालचं. माझी नळी फक्त तिथपर्यंतच जाते आणि तिथेच थांबली पाहिजे. उभं राहिल्यावर पुढे येतं पण झोपून चिमटीत येत नाही, ते पोट आतलं आहे: आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेलं. त्याला कोणताही प्लास्टिक सर्जन हात लावू शकत नाही.

पीसीओडीतली गोची इथेच आहे. या आजारात बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. वाढलेलं इन्सुलिन बीजकोशांना जास्त पुरुषी हार्मोन बनवायला लावतं आणि चरबी पोटाकडे साठू लागते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलींच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमली पट्टा असतो. घरी तो मळ समजून आईने वर्षानुवर्षं उटण्याने घासलेला असतो. तो मळ नसतो. इन्सुलिन वाढल्याची ती खूण असते, आणि ती दिसली की मी पोटाची चिमटी जास्त काळजीने बघते.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी जास्त असू शकते, म्हणून आपल्यासाठी बीएमआयची लठ्ठपणाची रेघ ३० वर नसून २५ वर धरतात आणि बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत असावा म्हणतात. तुमचा बीएमआय ३०च्या अगदी जवळ आहे. दोष म्हणून हे सांगत नाही. प्रश्न एखाद्या वळीचा नसून पूर्ण शरीराचा आहे, एवढंच त्यातून कळतं.

"पण डॉक्टर, चरबी शेवटी चरबीच ना? कुठूनही काढली तरी फायदा व्हायलाच हवा." हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं आणि तो अगदी रास्त आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासलं. १५ लठ्ठ बायकांच्या पोटावरून लायपोने प्रत्येकी सरासरी ९ ते १० किलो चरबी काढली. १० ते १२ आठवड्यांनी इन्सुलिनचा प्रतिसाद, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बघितलं, तर काहीच बदललं नव्हतं. हा अभ्यासही २००४ सालचाच. त्याउलट तेवढंच वजन खाण्यापिण्याने आणि हालचालीने उतरलं तर हे आकडे सुधारतात, कारण तेव्हा आधी यकृतातली आणि आतड्यांभोवतीची चरबी हलते आणि उरलेल्या पेशीही लहान होतात. लायपोत काही पेशी जातात. मागे राहिलेल्या जशा होत्या तशाच भरलेल्या राहतात.

पीसीओडीत वजनाच्या ५ ते १० टक्के उतार पडला तरी अनेकींची पाळी सुधारते. तुमच्या बाबतीत ते ४ ते ७ किलो. म्हणजे क्लिनिकने सांगितला तोच आकडा, फक्त तो कोणत्या वाटेने उतरतो यावर सगळं अवलंबून आहे.

चरबी परत येते का? काढलेल्या पेशी परत उगवत नाहीत. पण शरीराला चरबी साठवायचीच असेल तर ते दुसरी जागा शोधतं. हे मी वाचण्याआधी एका रुग्णात पाहिलं. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती. मुलगी २७ वर्षांची, पीसीओडी, लग्न ठरलेलं, वजन वर्षभर चढतच होतं. ते चढतं आहे हे तिच्या जुन्या रिपोर्टांवर मला दिसत होतं, तरी लग्नाच्या तारखेपुढे मी मान तुकवली. कंबर आणि ओटीपोट छान उतरलं, फोटो सुंदर आले. चौदा महिन्यांनी ती परत आली. कंबरेच्या बाजू अजून सपाट होत्या, पण बेंबीच्या वरचं पोट, पाठीवरचा ब्राच्या पट्ट्याजवळचा भाग आणि दंड भरले होते. अंगाचा तोलच बदलला होता. "आता हे कुठून आलं?" असं तिने विचारलं तेव्हा माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. ते ऑपरेशन मी तेव्हा करायला नको होतं.

२०११ साली कोलोरॅडोच्या संशोधकांनी लठ्ठ नसलेल्या बायकांत हेच मोजून दाखवलं: लायपोनंतर वर्षभरात शरीरातली एकूण चरबी पूर्वपदावर आली, मांड्या बारीक राहिल्या, वाढ पोटाकडे झाली. पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या अभ्यासात दिसलं की लायपोनंतर व्यायाम न करणाऱ्यांची पोटाच्या आतली चरबी सुमारे १० टक्क्यांनी वाढली. आठवड्यातून तीनदा व्यायाम करणाऱ्या गटात ती वाढ झाली नाही. म्हणून माझ्याकडे नियम आहे: ऑपरेशनच्या आधी व्यायाम अंगवळणी पडलेला हवा. 'नंतर सुरू करते' हे मी मान्य करत नाही.

आता थोडं थायरॉइडबद्दल, कारण त्याच्यावर नको इतकं खापर फुटतं. थायरॉइड कमी असल्याने वजन वाढतं, पण ते बहुतेकदा दोन ते पाच किलो, आणि त्यातलं बरंचसं पाणी आणि मीठ. तुमच्या प्रश्नात शेवटचा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) कधी केला ते नाही. गोळी सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेता का, की लगेच चहा-बिस्किटं होतात? कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यासोबतच जाते का? त्यात चार तासांचं अंतर हवं. एवढ्यावरून डोस पुरा पडतो की नाही हे ठरतं, आणि डोस बदलला तर खरा टीएसएच कळायला ६ ते ८ आठवडे जातात. थायरॉइड ताळ्यावर नसताना मी भूल देऊ देत नाही. सूज जास्त राहते, जखम हळू भरते.

पीसीओडीच्या नावाखाली कधी कधी दुसराच आजार लपलेला असतो. काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या एक बाई मानेमागचा उंचवटा काढून घ्यायला आल्या. "मान वाकवून शिवणकाम करते, त्याने चरबी आली," म्हणाल्या. रक्तदाबाचा पट्टा काढला तेव्हा दंडावर निळे डाग उमटले होते. चेहरा गोल, हातपाय बारीक, पोटावर बोटभर रुंद जांभळे ओरखडे. वजनाने ताणलेल्या त्वचेवरच्या रेघा फिक्या होत जातात, या तशा नव्हत्या. विचारलं, काही औषध? "औषध काही नाही, गुडघ्यासाठी पुड्या घेते फक्त." दीड वर्षं घेत होत्या. पाकिटावर ना घटक लिहिलेले, ना कंपनीचं नाव. तपासण्या करून हार्मोनतज्ज्ञांनी सांगितलं, पुड्यांत स्टिरॉइड आहे. अशा वेळी ते एकदम बंद करणंही जिवावर बेततं, कारण शरीराने स्वतःचं नैसर्गिक स्टिरॉइड, कॉर्टिसॉल, बनवणं थांबवलेलं असतं. महिनोनमहिने डोस उतरवत नेला आणि उंचवटा नळी न लावता बराच ओसरला. तुम्हाला अशा खुणा असतील, किंवा दमा, सांधे, त्वचा यासाठी कुठलीही पुडी, थेंब, मलम चालू असेल तर आधी त्याची चौकशी करा.

अपवादही सांगते. काही बायकांत मांड्या-पोटऱ्या दोन्ही बाजूंनी सारख्या जाड असतात, दाबलं की दुखतं, जरा लागलं की काळंनिळं होतं, घोट्यापाशी पैंजण घातल्यासारखी कड दिसते आणि पाऊल मात्र बारीक असतं. कमरेवरचं वजन उतरलं तरी पाय उतरत नाहीत. हा लिपिडिमा. पाळी सुरू होताना, बाळंतपणात, पाळी जाताना तो वाढतो, म्हणून हार्मोनशी त्याचं नातं मानतात. तिथे लायपो दिसण्यापुरता राहत नाही, वेदना कमी करणारा उपचार होतो. जर्मनीत २०२० साली सरकारी आरोग्यविम्याने याच्या तिसऱ्या टप्प्यासाठी लायपोचा खर्च द्यायला सुरुवात केली. तुमच्या वर्णनात तक्रार पोट-कंबरेची आहे, त्यामुळे हा तुमचा आजार वाटत नाही. पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला स्वतःचे पाय ओळखू आले असतील तर त्यांनी जरूर दाखवावं.

मग पीसीओडी असलेल्यांना मी हो कधी म्हणते? वजन किमान सहा महिने स्थिर असेल. साखर आणि थायरॉइड ताब्यात असेल. चिमटीत येणारा, बोट ठेवून दाखवता येईल असा भाग असेल: कंबरेच्या वळ्या, ओटीपोट, दंड, हनुवटीखालचा भाग. त्वचा सैल पडलेली नसेल, कारण आतून रिकामी केलेली सैल त्वचा लोंबते. वर्षभरात बाळाचा विचार नसेल. आणि त्या बाईला आकार बदलायचा असेल, आकडा नाही. गेल्या वर्षी अशाच एका शाळाशिक्षिकेचं ऑपरेशन केलं. दोन वर्षांत त्यांनी ९ किलो उतरवले होते, पाळी ३५ दिवसांवर आली होती, तरी कमरेच्या दोन वळ्या हलत नव्हत्या. आम्ही दोन लिटरच्या आसपास काढलं. काट्यावर किलोभराचा फरक, पण त्यांचं जुनं ब्लाउज पाठीमागून सुरकुती न पडता बसलं. त्यांना हवं होतं ते मिळालं, कारण त्यांनी मागितलं होतं तेवढंच या ऑपरेशनमध्ये असतं.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पाळीच्या गोळ्यांची. कित्येक जणी ती 'औषधं' म्हणून सांगतच नाहीत. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं आणि त्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यात वजन जास्त, त्यात तीन-चार तासांची भूल, त्यात वर प्रेशर गारमेंट, म्हणजे सूज दाबून ठेवणारा घट्ट कपडा. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. लायपोतल्या मृत्यूंमागे हे एक मोठं कारण आहे. म्हणून मी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून या गोळ्या साधारण चार आठवडे आधी थांबवायला सांगते आणि त्याच संध्याकाळी रुग्णाला उठवून चालवते. मनाने मात्र थांबवू नका, पाळीचं आणि गर्भनिरोधनाचं काय करायचं ते आधी ठरवावं लागतं. हल्ली बऱ्याच जणी वजन उतरवायला आठवड्याचं सेमाग्लुटाइड किंवा टिरझेपाटाइडचं इंजेक्शन घेतात, तेही भूलतज्ज्ञांना सांगितलंच पाहिजे. पोट हळू रिकामं होतं, उपाशी असूनही पोटात अन्न राहू शकतं आणि भुलेत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

ही इंजेक्शनं तुमच्यासाठी पर्याय आहेत का, हे हार्मोनतज्ज्ञांना विचारण्यासारखं आहे. तुमच्या वजनाला आणि आजाराला ती लायपोपेक्षा जवळची आहेत. पण लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर आधी बोला: सेमाग्लुटाइड गर्भ राहण्याच्या निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं, आणि टिरझेपाटाइड सुरू करताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो.

राहिलं लग्न. चार महिने. लायपोनंतर प्रेशर गारमेंट चार ते सहा आठवडे, काळेनिळे डाग दोन-तीन आठवडे, कडकपणा आणि सूज पूर्ण ओसरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने. म्हणजे हळदीच्या दिवशी तुम्ही कदाचित अर्ध्या सुजेत असाल. 'लग्नाआधी थोडं कमी कर' असं कुणी म्हणालं असेल, तर ते किती बोचतं हे मी रोज समोर बसलेल्या मुलींच्या चेहऱ्यावर बघते. बारा वर्षं आजाराशी झगडून, जिम करून, भात सोडूनही वजन परत आलं, यात तुमचा आळस नाही. इन्सुलिन वाढलेलं असताना भूकही वाढते आणि उतरलेलं वजन टिकवणं इतरांपेक्षा अवघड जातं. पण त्या दुखऱ्या जागेवर मलम म्हणून हे ऑपरेशन घेऊ नका.

तेव्हा माझं मत: आत्ता करू नका. या चार महिन्यांत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच, लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि यकृताची सोनोग्राफी करून घ्या. जिममध्ये धावण्याबरोबर वजनं उचलायला लागा, कारण स्नायू वाढले की इन्सुलिन चांगलं लागू पडतं. भात पूर्ण सोडण्यापेक्षा ताटात डाळ, उसळ, अंडी, दही वाढवून भाताची वाटी लहान करा, ते वर्षानुवर्षं निभतं. इन्सुलिन नीट लागू पडावं म्हणून देतात त्या मेटफॉर्मिनच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. वजन सहा महिने एका जागी राहिलं आणि तरी एखादी वळी खुपत असेल, तर तेव्हा खुशाल माझ्याकडे या किंवा दुसऱ्या कुणाकडे जा. जाल तिथे तीन गोष्टी विचारा. डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक काय. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ थिएटरमध्ये असतात का. काही बिघडलं तर आयसीयू त्याच इमारतीत आहे का. तुम्हाला लिटरचा आकडा सांगणाऱ्या समुपदेशक बाईंऐवजी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः पोट चिमटीत धरून बघितलेलं असलं पाहिजे. विमा दिसण्यासाठी केलेल्या लायपोचे पैसे देत नाही, तोही हिशेब आधीच धरा.

टीएसएच शेवटचा किती होता, तो कधी केला, पाळीच्या गोळीचं नाव काय आणि आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह किंवा पायात गुठळी झाली होती का, हे लिहिलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल. चिमटीत किती आलं तेही लिहा.